रॅचेट बाइंडर आणि साखळी घेताना सावध राहा: माझे 62,000 रुपये कसे गेले ते वाचा

लो-बेडवर (बुटक्या ट्रेलरवर) पोकलेन, जेसीबी, रोलर वाहणाऱ्या कोल्हापूर, कागल, इचलकरंजी, सांगली भागातल्या सगळ्या गाडीमालकांनी आणि ड्रायव्हर मंडळींनी हे शेवटपर्यंत वाचावं. 'ग्रेड 80'ची, म्हणजे जास्त ताकदीची साखळी आणि फोर्जिंगचे (घडवलेल्या लोखंडाचे) रॅचेट बाइंडर, म्हणजे साखळी आवळायची दांड्याची अवजारं, असं सांगून बनावट माल दारात आणून विकणारा एक माणूस आपल्या भागात फिरतोय. मी त्याच्याकडून 62,000 रुपयांचा माल घेतला. तो माल किती खोटा आहे हे आंबा घाटाच्या अलीकडंच कळलं, म्हणून आज निदान हे लिहायला तरी बसलोय.

आपल्याकडं मशीन बांधायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. कुठली तरी जुनी साखळी, वायर रोप, नाहीतर टॉमी (लोखंडी कांब) घालून पीळ दिला की झालं. बरेच जण साधा लिव्हरचा बाइंडर वापरतात. तो सोडताना दांडा उसळतो आणि माणसाचा जबडा, मनगट फोडतो. माझ्या एका क्लीनरचे दोन दात त्यात गेले. तेव्हापासून रॅचेटचे बाइंडर घ्यायचे असं मी ठरवलं होतं. त्याच्या मधल्या नळीत दोन्ही बाजूंनी उलटसुलट आटे असतात, दांडा मागंपुढं केला की साखळी हळूहळू आवळते आणि सोडतानाही हळूहळूच सैल होते. म्हणजे मी पैसे वाचवायला गेलो नव्हतो, माणसांच्या जीवासाठी चांगली वस्तू घ्यायला गेलो होतो. 'स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलं असणार' असं म्हणणाऱ्यांनी आधी भाव बघावा. बाइंडर 3,450 रुपयांना एक, असे आठ. 10 एमएमची साखळी 780 रुपये मीटर, चार-चार मीटरचे आठ तुकडे. बेरीज 52,560, त्यावर 18 टक्के जीएसटी 9,460 रुपये 80 पैसे, एकूण 62,020 रुपये 80 पैसे. वरचे त्यानं सोडले. बाजारभावापेक्षा थोडं कमी, पण संशय यावा इतकं कमी नाही. भाव फार पाडला तर गिऱ्हाईक बिचकतं, हे या लोकांना बरोबर कळतं.

माणूस बोलायला गोड. शिरोलीच्या माझ्या यार्डात आला तो थेट नमुना घेऊनच. एका नामांकित कंपनीचा वितरक म्हणून कार्ड दिलं. नमुना अस्सल होता, हे मी आजही छातीठोक सांगतो. हूक घट्ट, रॅचेटचा आवाज कोरा, साखळीच्या कड्यांवर ठराविक अंतरानं '8'चा ठसा उठावदार आलेला. आम्ही तो माझ्याच गाडीवर, माझ्याच जेसीबीला लावून बघितला. ड्रायव्हरमामा सहसा कशाला चांगलं म्हणत नाहीत, ते सुद्धा म्हणाले, "मालक, ही वस्तू बरी आहे." मग मी 31,000 रुपये ॲडव्हान्स पाठवला.

आणि इथंच तो क्षण आहे. रात्री झोप लागत नाही तेव्हा हाच आठवतो. निघताना तो म्हणाला, "दादा, हा सेट घेऊन जातो, गोकुळ शिरगावात एका पार्टीला दाखवायचाय. तुमचा माल सीलबंद येईल." मी हो म्हटलं. नमुना गाडीत टाकून तो गेला. तो नमुना माझ्याकडं राहिला असता तर आलेला माल शेजारी ठेवून मी दोन मिनिटांत फरक ओळखला असता. त्याला हे माहीत होतं, म्हणून तर तो घेऊन गेला. पण मला सांगा, धंद्यात कोण विक्रेत्याला म्हणतं की तुझा नमुना इथंच ठेव? सगळेच नमुना परत नेतात. त्यानं या रीतीचाच फायदा घेतला. आता मी सांगतो: नमुना बघून ऑर्डर देत असाल तर माल येईपर्यंत नमुना आपल्याकडं ठेवून घ्या, किंवा निदान त्याच्या प्रत्येक ठशाचे जवळून फोटो काढा. नाही म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

माल आला तो दिवस मावळताना, टेम्पोतून. खोके कंपनीचे, आत तेलकट कागद, एक टेस्ट सर्टिफिकेट. टेम्पोवाल्याला घाई. उरलेले 31,000 मी तिथंच क्यूआरवर टाकले. स्कॅन केल्यावर फर्मचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं. विचारलं तर म्हणे प्रोप्रायटरचं खातं आहे. छोट्या फर्मचं असं असतंच, माझंही खातं माझ्याच नावावर आहे. तरी हे लक्षात ठेवा: बिलावर एक नाव आणि खात्यावर दुसरं दिसलं की पैसे थांबवायचे.

आता बाइंडरबद्दल. आपण कोल्हापूरची माणसं, उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांत अर्धं गाव कामाला. ओतलेला माल आणि घडवलेला माल आपल्याला कळतो. फोर्जिंगच्या कडेलाही रेघ असते, पण ती छाटून घासलेली, चपटी असते. ओतलेल्याची रेघ बारीक आणि उभी, आणि अंगावर वाळूचा खरखरीतपणा. माझ्या मालावर हिरव्या पेंटचे दोन थर जाड चढवले होते, रेघ दिसेल कशी? मला फसवण्यासाठीच तो पेंट होता. कुठलाही नवा हूक आला की एका कोपऱ्यात कानसीनं पेंट काढून बघा. विकणारा ओरडला तर ओरडू दे.

साखळीचा ठसा तर त्याहून कहर. खऱ्या ग्रेड 80च्या साखळीवर मीटरभरात एकदा तरी ठसा असतोच, आणि तो कारखान्यातच उठवलेला असतो. माझ्या साखळीवर फक्त दोन्ही टोकांच्या कडीवर '80' होतं, तेही हातपंचानं ठोकलेलं. एकात शून्य तिरका, एकात 8 दोनदा पडलेला. मधल्या सगळ्या कड्या कोऱ्या.

पहिलीच मोठी फेरी. वीस टनांची पोकलेन साखरप्याच्या पुढं रस्त्याच्या कामावर पोहोचवायची होती. चार कोपऱ्यांना चार आणि बूमला एक अशी बांधणी केली, ट्रॅकला लाकडी ठोकळे दिले. मामांची सवय चांगली, थोडं अंतर गेलं की उतरून साखळ्या तपासतात. अमेरिकेत तर पहिल्या 50 मैलांत, म्हणजे सुमारे 80 किलोमीटरच्या आत, थांबून बांधणी बघायचा नियमच आहे. आपल्याकडं नियम असो नसो, मामांमुळं माझी गाडी वाचली. बांबवडे सोडल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली. पुढच्या उजव्या बाइंडरचा हूक उघडून तोंड वासून पडला होता आणि साखळी बेडवर लोळत होती. दुसऱ्या बाइंडरच्या रॅचेटचा दात तुटून खिट्टी मोकळी फिरत होती. पोकलेनच्या ट्रॅकची कड वीतभर बेडबाहेर आली होती. पुढं मलकापूर, मग आंबा, मग घाटाची उतरण. वीस टन लोखंड त्या वळणावर समोरच्या एसटीवर गेलं असतं तर काय झालं असतं? गुन्हा कुणावर दाखल झाला असता? माझ्या ड्रायव्हरवर आणि माझ्यावर. तो हिरवा हूक विकणारा कुठंच दिसला नसता.

कोल्हापुरातून ऑपरेटर आणि पिकअप मागवला, 3,800 रुपये. दुकानातून नवा सेट घेतला, 71,400 रुपये. मशीन उशिरा पोहोचली म्हणून ठेकेदारानं बिलातून 12,000 कापले. पावणा एका फाउंड्रीत आहे, त्याच्या ओळखीनं साखळी आणि बाइंडर लॅबमध्ये ओढून बघितला, दोन्हींचे 2,360 रुपये. ग्रेडचा आकडा कशाचा असतो तर साखळी तुटताना तिच्या दर चौरस मिलिमीटरवर किती जोर असतो त्याचा. 80 म्हणजे 800 न्यूटन. 10 एमएमची खरी साखळी साडेबारा टनांच्या पुढं तुटते, आणि तुटण्याआधी चांगली ताणते. माझी 5.2 टनांवर गेली. साधं माइल्ड स्टील. बाइंडरचा हूक ओतलेल्या बिडाचा. एकूण नुकसान 1,51,560 रुपये.

इथपर्यंत एका चोराची गोष्ट झाली. आता ज्यांना आपण चोर धरायला पगार देतो त्यांची ऐका.

पोलीस ठाण्यात गेलो, बिल, स्क्रीनशॉट, लॅबचा रिपोर्ट, उघडलेला हूक, सगळं घेऊन. साहेब म्हणाले, "माल दिलाय ना त्यानं? मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे." मी म्हटलं, साहेब, अस्सल दाखवून नकली दिलाय. तर म्हणे ग्राहक मंचात जा. मी बोलत असताना टेबलावरचे कागद पंख्यानं उडत होते, तर हवालदारानं तो हूक उचलून कागदांवर वजन म्हणून ठेवला. माझा पुरावा! मी तो उचलून पिशवीत घातला आणि तिथून निघालो.

सायबर पोलिसांकडं गेलो, तर म्हणे व्यवहार समोरासमोर झालाय, सायबर नाही. 1930ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार घेतली, क्रमांक दिला, पण तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. बँकेत गेलो, तर पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. खातं कुणाचं हे विचारलं तर गोपनीय आहे, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस पत्र देणार कधी, तर गुन्हा दाखल झाल्यावर. गुन्हा दाखल होणार कधी, तर माणूस कोण ते कळल्यावर! माणूस कोण हे बँकेला माहीत आहे, बँक पोलिसांना सांगणार, आणि पोलीस बँकेला विचारणार नाहीत. मधल्या मध्ये तो माणूस पुढच्या यार्डात माल दाखवतोय.

बिलावरचा जीएसटी क्रमांक मी नंतर पोर्टलवर टाकून बघितला. 27पासून सुरू होणारा, पंधरा अंक-अक्षरांचा, अगदी खरा क्रमांक, पण कापडाच्या दुकानाचा, दुसऱ्या जिल्ह्यातला. त्या दुकानदाराला फोन केला तर बिचारा घाबरला, त्याला याचा पत्ताच नव्हता. हे तपासायला लॉगिनसुद्धा लागत नाही, 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये क्रमांक टाकला की फर्मचं नाव येतं. पैसे देण्याआधी हे करा. 9,460 रुपये 80 पैसे सरकारच्या नावानं घेऊन तो पळाला, हे जीएसटी ऑफिसात सांगितलं. त्यांनी अर्ज घेऊन पोच दिली, पुढं काही नाही. सरकारचा कर कुणी बुडवला याचं सरकारलाच काही नाही.

ग्राहक आयोगाचं नीट समजून घ्या, कारण तिथंही आपल्याला हाकलतात. 'धंद्यासाठी घेतलेला माल, तुम्ही ग्राहक नाही' असं सांगून परत पाठवतात. 2019च्या कायद्यात स्पष्ट आहे की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू असेल तर तो ग्राहकच. एक-दोन गाड्यांवर घर चालवणाऱ्यांनी तक्रारीत हे वाक्य लिहायलाच हवं. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत दाखल करायची. वकिलानं हे सांगितलं म्हणून मी दाखल केली. पण समोरचा पत्ताच खोटा, नोटीस 'असा इसम राहत नाही' म्हणून परत आली.

शेवटी त्याच वकिलांनी रस्ता दाखवला. फसवणूक करून माल किंवा पैसे काढून घेणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4)खाली येतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दखलपात्र आहे. ठाण्यात घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4)प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी तक्रार पाठवता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तरी ऐकू नका, हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते, 173मध्येच आहे. मी रजिस्टर पोस्टानं अधीक्षकांना पाठवली. त्यानंतर ठाण्यातून फोन आला आणि जबाब झाला. जे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं त्यासाठी एका कष्टकरी माणसाला एवढं पळवलं.

काही जण म्हणतात, जाऊ दे, दीड लाख गेले, धडा मिळाला समज. मी समजणार नाही. पैसे मी पुन्हा मिळवीन. पण हा माल आणखी किती गाड्यांवर आहे? सेटवर भरवसा ठेवून कुणी तरी उद्या घाट उतरणार आहे. आणि ड्रायव्हर मंडळींना एक सांगतो, दांड्याला पाइप घालून जास्त आवळू नका, चांगला बाइंडरसुद्धा त्यानं खराब होतो. मालक म्हणाला तरी करू नका.

तुमच्याकडं असा सेट असेल तर ओळख सांगतो. जाड हिरवा पेंट, ठसा फक्त टोकाच्या कडीला आणि वाकडा, सर्टिफिकेटवर हीट नंबर (पोलाद कुठल्या ओतणीतलं ते सांगणारा क्रमांक) आहे पण तो मालावर कुठंच नाही. शंका असेल तर शिरोलीत येऊन माझ्याकडचा माल शेजारी ठेवून बघा, मी सगळा जपून ठेवलाय. आणि तोच निघाला तर पुढची गाडी भरण्याआधी उतरवा, पण भंगारात घालू नका. बिलासकट ठेवा आणि आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या. एकाच खात्यावर चार-पाच तक्रारी गेल्या तर बँकेला पत्र लिहायला पोलिसांना कारण मिळेल.