टायटॅनियमचा एरोस्पेस जॉब: वायर कट का मिलिंग?
वाळूजच्या एका पोरानं विचारलं, ब्रॅकेटमधली खाच वायर कटवर (तारेच्या ठिणगीनं कापणारं मशीन) काढू का व्हीएमसीवर (उभं मिलिंग मशीन). भाऊ, आधी ड्रॉइंगच्या नोट्स वाच अन् तिथं लिहिलेला प्रोसेस स्पेक (काम कसं करायचं याचे लेखी नियम) उघड, ईडीएमची (ठिणगीनं कापायची पद्धत, वायर कट त्यातलाच) मनाई किंवा अट असली तर तिथंच सापडते. वायर कटला कटिंग फोर्स नाही, पातळ भिंत वाकत नाही, पण ठिणगीनं धातू वितळून परत गोठतो, तो मायक्रॉनमधला कडक थर राहतो अन् फटीग क्रॅक (वारंवार लोड येऊन पडणारी चीर) तिथूनच सुरू होऊ शकतो, म्हणून परवानगी असली तरी बऱ्याचदा थर काढायला लावतात. मिलिंगमधी टूल लई झिजतात, वेळही जातो, पण मंजुरीची कटकट कमी. कूलंट तेवढं बघ, क्लोरीनवाला टायटॅनियमला बऱ्याच स्पेकमधी बंद असतो.

लोड घेणारा पार्ट असेल तर मिलिंगच. फिक्श्चर (जॉब धरायचं साधन), गेजला (माप तपासायचं साधन) वायर कट बिनधास्त. स्पेकमधी काहीच नसेल तर कस्टमरकडून लेखी घेतल्याशिवाय वायर लावू नको.