नऊ महिन्यांनंतर: लाल सतरंजी, निळीची चादर आणि विटलेले पिवळे अभ्रे

घरात जरा रंग यावेत म्हणून नऊ महिन्यांपूर्वी हाताने केलेल्या तीन वस्तू घेतल्या. हातमागावरची लाल लोकरी सतरंजी, लाकडी ठशांनी छापलेली निळीची चादर आणि हळदीत रंगवलेले चार अभ्रे. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर डोळे मिटून पाचपैकी पाच दिले असते. आता हात थोडा आखडता घेते, पण वस्तूंचं नाव काढलं की बोलत मात्र जास्त बसते.

आधी सतरंजी. उलगडली आणि वाटलं, फसवलं आपल्याला. एका टोकाला गडद लाल, मध्येच वीतभर पट्टा विटकरी, पुढे पुन्हा गडद. परत पाठवायचा अर्ज निम्मा भरूनही झाला होता. मग कळलं, याला अब्राश म्हणतात. लोकर थोडी थोडी करून रंगवतात. मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळी), तुरटी, पाणी, आच, काही ना काही दर खेपेला इकडचं तिकडे होतं. एका खेपेची लोकर संपून दुसरी लागली की विणीत तो फरक उमटतो. विणणाऱ्याने नवी गुंडी कुठे घेतली, ते मला आज बोट ठेवून दाखवता येतं. यंत्रावरच्या गालिच्यांत हा पट्टा हल्ली मुद्दाम घालतात म्हणे, हे वाचून हसूच आलं.

सतरंजी अंथरली आणि दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, भिंत आजारी दिसतेय." खरंच, आमची साधी राखाडी भिंत हिरवट वाटायला लागली होती. रंग तोच होता, फक्त शेजार बदलला होता. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत शेवरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगकामाचे प्रमुख होते. काळा धागा फिका पडतो अशा तक्रारी त्यांच्याकडे यायच्या. त्यांनी तपासलं तर दोष रंगात नव्हताच, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा मलूल दिसत होता. 1839 मध्ये त्यांनी हा नियम सविस्तर मांडला. माझ्या भिंतीचंही तेच झालं होतं, लालाशेजारी राखाडी हिरवट भासतो. रंगाचे नमुने भिंतीला चिकटवून सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात पाहिले, तेव्हा कुठे मातकट पांढरा ठरला. दुकानात उभं राहून भिंतीचा रंग निवडणं मी कायमचं सोडलं.

सतरंजीची एकच दुर्घटना, आणि ती माझ्याच हातून. व्हॅक्यूम क्लीनरच्या फिरत्या ब्रशात दशा अडकल्या. मला वाटायचं, दशा म्हणजे शोभेची झालर. त्या ताण्याचीच, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांचीच टोकं असतात. दोन गाठी सुटल्या आणि आडव्या धाग्यांच्या चार ओळी सरकल्या. सुई-दोरा घेऊन दोन संध्याकाळी बसले तेव्हा वीण जागेवर आली. आता कडेला फक्त झाडू. दर दोन-तीन महिन्यांनी सतरंजी फिरवूनही ठेवते, म्हणजे ऊन एकाच बाजूला खात नाही.

निळीच्या चादरीबद्दल विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "रंग पक्का आहे." पहिल्याच आठवड्यात पांढऱ्या सदऱ्याची पाठ निळसर. पक्का म्हणजे काय, हा खरा प्रश्न. नीळ पाण्यात विरघळत नाही. रंगाच्या हौदात ती पिवळट-हिरव्या रूपात कापडात शिरते आणि बाहेर हवा लागली की निळी होते. वरवर राहिलेले कण घासले की निघतात. मीठ-व्हिनेगरने ते बसत नाहीत, मी दोन्ही करून पाहिलं. थंड पाण्यात वेगळी अशी चार-पाचदा धुतली, तेव्हा कपड्यांना रंग लागायचा थांबला. रंग थोडा उतरला, पण मला आता तो जास्त आवडतो.

अभ्र्यांनी मात्र निराशा केली. खिडकीजवळच्या दोन अभ्र्यांचा रंग तीन महिन्यांत विटला. शिवणीच्या आतल्या दुमडीत अजून झळझळीत पिवळा दिसतो, बाहेर नुसता मळखाऊ. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. संग्रहालयात नाजूक कापडांवर 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच उजेड ठेवतात, आणि मी ते भर उन्हात मांडले होते. त्यात एकावर साबणाचा थेंब पडला आणि क्षणात विटकरी डाग उमटला. हळद क्षारात लाल होते, हे शाळेत शिकले होते, पण ऐनवेळी आठवेल तर शपथ. लिंबाच्या पाण्याने डाग गेला. तेव्हा हळदीच्या वस्तू घ्यायच्या तर अंधाऱ्या कोपऱ्यासाठी घ्या, नाहीतर घेऊच नका.

सतरंजी आणि चादर मी पुन्हा घेईन. पण खरा खर्च वेळेचा झाला. विटलेले अभ्रे टाकवेनात म्हणून खोडरबरावर पान कोरलं आणि कापडाच्या निळ्या रंगाने छापायला बसले. मधला भाग जमला, कोपऱ्यावर मात्र पान पुरेना. मग चादरीचा कोपरा खिडकीशी नेऊन पाहिला. तिथे काठाच्या दोन पट्ट्या तिरप्या रेषेवर भेटतात, आणि त्या रेषेवर पान निम्म्यातच कापल्यासारखं थांबतं. कारागिराने एका बाजूवर कागद ठेवून ठसा मारला असणार. नऊ महिने त्या चादरीवर झोपत होते, हे कधी दिसलं नव्हतं.

तसाच कागद ठेवून तीन अभ्रे केले. दोघांत रेषा बऱ्यापैकी सरळ आहे. तिसऱ्यात कागद सरकला, तो अभ्रा मी सोफ्यावर उलटा ठेवते. चौथा अजून दोरीवर वाळतोय.