हॅनकॉक की मॉरिस? आधी कोणाचं चरित्र घ्यावं

वसाहतकाळातल्या अमेरिकेतला व्यापारी-राजकारणी समजून घ्यायचा, तर जॉन हॅनकॉक आणि रॉबर्ट मॉरिस ही दोन नावं समोर येतात. मी दोघांची चरित्रं लागोपाठ वाचली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर दोघांच्याही सह्या आहेत, ते तुम्हाला ठाऊक असेलच.

रंगत हवी असेल तर हॅनकॉक. बोस्टनचा धनाढ्य काका १७६४ मध्ये वारला आणि सत्तावीस वर्षांच्या पुतण्याला पेढी, जहाजं, बीकन हिलवरचा वाडा सगळं आयतं मिळालं. १७६८ मध्ये जकातवाल्यांनी त्याचं ‘लिबर्टी’ जहाज जप्त केलं. मदीरा वाइनची २५ पिंपं दाखवून बाकीची रातोरात उतरवल्याचा संशय होता. जप्तीवरून बंदरावर दंगल उसळली. ही पानं हातातून सुटत नाहीत.

माझं मन मात्र एका गोष्टीवर अडलं. १७७३ मध्ये हार्वर्ड कॉलेजनं त्याला खजिनदार नेमलं. काँग्रेसच्या, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेच्या, कामासाठी तो फिलाडेल्फियाला गेला, तेव्हा कॉलेजचे कागदही त्याच्याबरोबर गेले. कॉलेज हिशेब मागतंय आणि हा आज-उद्या करतोय. १७७७ मध्ये दुसरा खजिनदार नेमावा लागला. १७९३ मध्ये हॅनकॉक वारला तरी हिशेब पुरता मिटला नव्हता. शेवटी तो वारसांनी मिटवला. मी चार वर्षं आमच्या सोसायटीचा खजिनदार होतो. मार्चअखेरीला अकरा रुपयांचा फरक सापडेना, म्हणून रात्री दीडपर्यंत पावत्या जमिनीवर पसरून बसलोय. त्यामुळेही असेल, पण पुढे त्याच्या दानशूरपणाची वर्णनं वाचताना मन लागेना. इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाची धामधूम होती हे खरंच आहे. तुम्हाला कदाचित एवढं खुपणार नाही.

मॉरिसची सुरुवात संथ आहे. जन्म लिव्हरपूलचा. बाप मेरीलँडमध्ये तंबाखूचा व्यवहार बघायचा. जहाजावरच्या सलामीच्या तोफेतला बोळा लागून तो गेला. पोरगा फिलाडेल्फियात विलिंग यांच्या पेढीत उमेदवारी करून भागीदार झाला. या पेढीनं गुलामांचा व्यापारही केला; ते पान गाळलेलं चरित्र घेऊ नका.

१७८१ मध्ये काँग्रेसनं तिजोरी त्याच्या हाती दिली, तेव्हा कागदी चलन कवडीमोल झालं होतं. त्यानं स्वतःच्या सहीच्या हुंड्या काढल्या आणि लोकांनी त्या घेतल्या. निर्णायक लढाईसाठी यॉर्कटाऊनकडे निघालेले सैनिक पगारासाठी अडून बसले, तर मित्र असलेल्या फ्रेंचांकडून २०,००० डॉलर रोख उसने आणले. पद सोडल्यावर, १७८५ मध्ये, आपल्या कारभाराचा जमाखर्च छापून लोकांसमोर ठेवला. युद्धाच्या सुरुवातीच्या खरेद्यांचे त्याचे हिशेबही रेंगाळले, नाही असं नाही. पण छापील जमाखर्चाचं ते पान वाचलं आणि माझा कौल तिकडे गेला.

वेळ कमी असेल तर मॉरिसचं चरित्र १७८१ पासून उघडा. पुढे जमिनींच्या सट्ट्यात तो बुडाला आणि १७९८ मध्ये कर्जापायी फिलाडेल्फियाच्या तुरुंगात गेला. त्याच वर्षी जॉर्ज वॉशिंग्टन त्या तुरुंगात जाऊन त्याच्याबरोबर जेवला.