‘जपानी लोक असेच असतात’ म्हणण्याआधी या तीन साइट्स उघडा (माझा रिव्ह्यू)

जपानला नोकरीसाठी येणारी आपली मंडळी येण्याआधी काय बघून येतात तर व्हिडिओ. जपानी माणूस कधी ‘नाही’ म्हणत नाही, जपानी बॉस असा असतो, जपानी बायका तशा असतात, वगैरे. मी टोकियोत राहते, कामामुळे पुण्याहून नव्याने येणाऱ्या पोरापोरींशी सतत बोलणं होतं, आणि बहुतेकांच्या डोक्यात हाच माल भरलेला असतो. म्हणून आज अशा गोष्टीचा रिव्ह्यू लिहितेय जिचा रिव्ह्यू सहसा कोणी लिहीत नाही: जपानी लोकांची मतं वर्षानुवर्षं विचारून लिहून ठेवलेली आहेत आणि ती फुकटात वाचायला मिळतात, त्या साइट्स. मी वापरते त्या तीन. एक ‘तोकेई सूरी केन्क्यूशो’ या सांख्यिकी संशोधन संस्थेची, दुसरी एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या संशोधन विभागाची, तिसरी सरकारच्या कॅबिनेट ऑफिसची. लॉगिन नाही, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत.

पहिलीला माझे पाचपैकी पाच स्टार. या संस्थेने 1953 पासून दर पाच वर्षांनी जपानी माणसाच्या स्वभावाचा सर्व्हे केलाय, आणि त्यातली खरी कमाल अशी की काही प्रश्न तेव्हापासून शब्दही न बदलता विचारले जातात. भाषा जुनाट वाटली तरी हात लावत नाहीत, कारण शब्द बदलला की जुन्या आकड्याशी तुलना संपली. यामागचं मोठं नाव हायाशी चिकिओ. युद्धानंतर अमेरिकन ताबा असताना चर्चा चालली होती की कांजी (चिनी अक्षरांची) लिपी सामान्य माणसाला झेपत नाही, रोमन लिपी आणावी का, म्हणून 1948 मध्ये देशभरातून नमुना काढून जवळजवळ 17 हजार लोकांची लिहिण्या-वाचण्याची परीक्षा घेतली. पूर्ण शून्य मार्क मिळालेले निघाले फक्त 1.7%. त्या सर्व्हेचा नमुना बसवण्यात हायाशी होते, आणि पाचच वर्षांनी हीच पद्धत त्यांनी लोकांच्या मनात काय चाललंय ते विचारायला वापरली.

आता एक प्रश्न जरा नीट उघडून दाखवते, कारण नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हाच दाखवते. दोन साहेब आहेत. पहिला नियम मोडून जास्तीचं काम कधी करून घेत नाही, पण कामापलीकडे तुमची विचारपूसही करत नाही. दुसरा प्रसंगी नियम वाकवून जबरदस्तीचं काम लावतो, पण कामाबाहेरही तुमची काळजी घेतो. कुणाच्या हाताखाली काम करायला आवडेल? टेबलमध्ये वर वर्षं, खाली टक्के. तुम्ही 1953 पासून उजवीकडे सरकत जा, दुसऱ्या साहेबाला मत देणारे जवळपास प्रत्येक वेळी 80% च्या आसपास किंवा वर. मधे काय काय घडलं बघा, ऑलिम्पिक झालं, जमिनी-शेअर्सच्या भावांचा बबल फुगला, फुटला, आयुष्यभराची नोकरी डळमळली, ओव्हरटाइमने माणसं मेली आणि त्यावर कायदे झाले, आणि तरी 2013 च्या फेरीतही 81% लोकांना तोच साहेब हवाय. आपल्या ऑफिसमधला जपानी सीनियर संध्याकाळी जेवायला का नेतो, घरच्यांची चौकशी का करतो आणि मग शुक्रवारी सात वाजता काम का टाकतो, हे मला या एका टेबलने समजावलं. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडेही हा प्रश्न विचारला तर उत्तर फार वेगळं येईल असं मला वाटत नाही.

पण लगेच ‘बघा, जपानी माणूस बदलतच नाही’ असं म्हणू नका, बाजूचंच टेबल उघडा. पुढच्या जन्मी कोण व्हायचंय, पुरुष की बाई? 1958 मध्ये 64% बायकांनी पुरुष व्हायचंय म्हणून सांगितलं होतं, बाईच व्हायचंय म्हणणाऱ्या 27%. 2013 मध्ये 71% बायकांना पुन्हा बाईच व्हायचंय. पुरुषांचा आकडा मात्र सगळा काळ तिथेच, दहातल्या जवळपास नऊ जणांना पुन्हा पुरुषच व्हायचंय. मूल नसेल तर रक्ताचं नसलेलं मूल दत्तक घेऊन घराणं चालवावं का, याला 1953 मध्ये 73% ‘हो’ म्हणाले होते, 2013 मध्ये साधारण पाचातला एक. तुमच्या आयुष्यात सगळ्यात महत्त्वाचं काय, यावर ‘कुटुंब’ हे उत्तर 1958 मध्ये फक्त 12% लोकांचं, 2013 मध्ये 44%. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. घराणं चालवायची ओढ गेली आणि कुटुंबाची वाढली! आपल्याला वाटतं की आधुनिक झालं की कुटुंब सुटतं, इथे सुटलं ते घराणं, घरातली माणसं उलट जास्त जवळची झाली. मला या सगळ्या सर्व्हेमधली सर्वात विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते.

अजून एक प्रश्न, कारण हा फार कमी लोकांना माहीत असतो: लोक दुसऱ्याच्या उपयोगी पडायला बघतात की फक्त स्वतःचं बघतात? 1978 मध्ये ‘उपयोगी पडायला बघतात’ म्हणणारे 19% होते, 2013 मध्ये 45%. म्हणजे ‘पूर्वी माणुसकी होती, आता राहिली नाही’ हे वाक्य जपानमध्ये तरी लोकांच्या स्वतःच्याच उत्तरांशी जुळत नाही. 2011 चा भूकंप आणि त्सुनामी मधे होऊन गेले हे खरं, पण आकडा त्याच्या कितीतरी आधीपासून चढतोय.

साइटबद्दल: इंग्रजी टेबलं आहेत, स्त्री-पुरुष आणि वयोगटानुसार फोड मिळते, दिसायला अगदी साधी, मोबाइलवर टेबल आडवं सरकवावं लागतं. तेवढं चालतं.

दुसरी एनएचके. यांचा सर्व्हे 1973 पासून, तोही दर पाच वर्षांनी, 16 वर्षांवरच्या 5,400 लोकांचा नमुना. इथे मजकूर मुख्यतः जपानी पीडीएफमध्ये, त्यामुळे भाषा येत नसेल तर भाषांतराचं अ‍ॅप सोबत लागेल, आणि आलेख छान असले तरी हवा तो आकडा शोधायला वेळ जातो. पण घर, लग्न, बायकांची नोकरी यावर यांच्याइतकं सलग दुसरीकडे मिळत नाही. नवऱ्याने स्वयंपाकघरात आणि मुलांच्या कामात मदत करणं साहजिकच आहे असं म्हणणारे 1973 मध्ये 53%, 2018 मध्ये 89%. बाईने मूल झाल्यावरही नोकरी चालू ठेवावी, 20% वरून 60%. मुलीला युनिव्हर्सिटीपर्यंत शिकवावं, 22% वरून 61%.

इथे मात्र मी सगळ्यांना थांबवते, कारण 89% वाचून लोक खूष होतात आणि टॅब बंद करतात. मत आणि करणी यात किती अंतर आहे ते बघायला सरकारच्या सांख्यिकी विभागाचा वेळेच्या वापराचा 2021 चा सर्व्हे बाजूला उघडा. सहा वर्षांखालचं मूल असलेल्या जोडप्यात नवरा घरकाम आणि मुलांसाठी दिवसाला सरासरी 1 तास 54 मिनिटं देतो, बायको 7 तास 28 मिनिटं. माझ्या बिल्डिंगमध्ये सकाळी सायकलवरून पोराला पाळणाघरात सोडणारे बाबा खूप दिसतात, ते चित्र खोटं नाही, पण दिवसाच्या बाकीच्या तासांत काय चालतं ते या मिनिटांत कळतं. मतांचा सर्व्हे एकटा वाचूच नये, त्याच्या शेजारी माणसं प्रत्यक्षात काय करतात त्याचा आकडा हवाच, नाहीतर आपली फसगत ठरलेली.

लग्नाचंही तेच. एनएचकेच्या सर्व्हेत ‘लग्न करायलाच हवं असं नाही’ म्हणणारे 1993 मध्ये 51%, 2018 मध्ये 68%, आणि लग्न झालं तरी मूल हवंच असं नाही म्हणणारे 40% वरून 60%. झालं, लगेच हेडलाइन, जपानी तरुणांना लग्न नको. पण लोकसंख्या संशोधन संस्थेने 2021 मध्ये 18 ते 34 वयाच्या अविवाहितांना विचारलं की स्वतःला कधी ना कधी लग्न करायचंय का, तर मुलगे 81.4% आणि मुली 84.3% हो म्हणाल्या. आधीच्या फेरीपेक्षा कमी झालेत, पण ‘नको’ म्हणण्यासारखं काही नाही. दुसऱ्याने नाही केलं तरी माझी हरकत नाही, मला मात्र करायचंय, असं दोन्ही एकाच वेळी मनात असू शकतं ना? आपल्या ओळखीतले तिशीचे मुलगे-मुली आठवा, असंच बोलतात.

तिसरी साइट कॅबिनेट ऑफिसची, आणि इथे मी स्टार कापणार आहे. डेटा अफाट आहे, लोकांच्या राहणीमानावरचा सर्व्हे 1950 च्या दशकाच्या शेवटापासून, अधूनमधून एखादं वर्ष सोडलं तर दरवर्षी. सगळ्यात गाजलेला आकडा म्हणजे 90% जपानी स्वतःला मध्यमवर्गीय समजतात. तो खरा आहे, 1970 च्या आसपास तिथे पोचला आणि नंतर विषमतेवर एवढं बोललं गेलं तरी तिथेच आहे. पण प्रश्नपत्रिका उघडा. पर्याय पाच: वरचा, मध्यमातला वरचा, मध्यमातला मधला, मध्यमातला खालचा, आणि खालचा. पाचातले तीन ‘मध्यम’ने सुरू होतात, आणि तिन्हींची बेरीज करून 90% सांगितलं जातं. ‘मध्यमातला खालचा’ निवडणारा माणूस महिनाअखेरीला काय ओढाताण करत असेल, त्याला आपण मध्यमवर्गीय म्हणून मोकळे होतो. हे मला पटत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट पद्धतीची. आयुष्याबद्दल समाधानी म्हणणारे 2019 मध्ये 73.8% होते. 2021 मध्ये 55.3%! लोक म्हणाले कोविड, आणि कोविडचा हात असेलही. पण त्याच वेळी दुसरं काहीतरी घडलं होतं, 2019 पर्यंत सर्व्हे करणारा माणूस दारात येऊन प्रश्न विचारायचा, 2021 पासून पोस्टाने फॉर्म येऊ लागला. दारात उभ्या अनोळखी माणसाला, तेही सरकारच्या वतीने आलेल्या, कोण सांगेल की मी सुखी नाहीये म्हणून? आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकट्याने बसून टिक करताना माणूस खरं लिहितो. पुढेही आकडा वर गेला नाही, 2023 मध्ये 49% झाला. माझं तर मत असं झालंय की जुने 70 च्या पुढचे आकडे थोडे सौजन्याचे होते. सरकार स्वतःच सांगतं की या दोन्ही आकड्यांची सरळ तुलना करू नका, फक्त ते तळटीपेत असतं आणि तळटीप वाचतं कोण.

आडनावाचं प्रकरण तर प्रत्येकाने वाचावं. जपानमध्ये लग्न झालं की कायद्याने नवरा-बायकोचं आडनाव एकच लागतं आणि जवळपास 95% जोडप्यांत बाईच बदलते. लग्नानंतर पासपोर्टपासून बँकेपर्यंत नाव बदलत फिरलेल्या आपल्या मुलींना याचा त्रास वेगळा सांगायला नको, फक्त आपल्याकडे कायद्याची सक्ती नाही. वेगवेगळी आडनावं ठेवू द्यावीत का, याला 2017 मध्ये सरकारी सर्व्हेत 42.5% पाठिंबा होता. पुढच्या फेरीत, 2021 च्या शेवटी, 28.9%. चार वर्षांत लोक इतके मागे फिरले? नाही, प्रश्नाची मांडणी आणि पर्यायांची रचना बदलली होती, आणि ‘आडनाव एकच ठेवा पण माहेरचं नाव वापरायला कायदेशीर सोय करा’ या मधल्या पर्यायाकडे 42.2% गेले. जपानमध्ये यावर बरीच टीका झाली आणि माझ्या मते रास्त झाली. ज्या आकड्याच्या जोरावर कायदा करायचा की नाही ते ठरतं, त्याचे शब्द असे मधेच बदलणं हा लोकांवर अन्याय आहे. एक स्टार इथे गेला.

बाकी दोघांनाही एक त्रास आहेच, लोक उत्तरं द्यायला तयार नाहीत. एनएचकेला 1973 मध्ये 78% लोकांनी उत्तरं दिली, 2018 मध्ये 51%. तरुण नोकरदार घरात सापडतच नाही. जे उरलेत त्यांची मतं मिळतात, हे लक्षात ठेवून वाचायचं.

आणि आपण त्यात नाही! या तिन्ही सर्व्हेंचा रोख जपानी नागरिकांवर. 2024 च्या अखेरीला इथे परदेशी रहिवासी 37 लाखांवर गेलेत, त्यात भारतीय 50 हजारांच्या वर, टोकियोतल्या भारतीय वस्तीच्या निशी-कासाईला स्टेशनबाहेर उभं राहिलं तर मराठी कानावर पडतं, त्या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर 2019 ला मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक निवडूनही आले. आपल्यासारख्यांसाठी इमिग्रेशन खातं गेली काही वर्षं वेगळा सर्व्हे करतं. फॉर्म आला तर प्लीज भरा, रद्दीत टाकू नका.

भारताशी थेट तुलना हवी असेल तर निप्पॉन फाउंडेशन या जपानी संस्थेचा 2019 चा नऊ देशांतला सर्व्हे बघा, 17 ते 19 वयाची प्रत्येक देशातली हजार मुलं. ‘मी माझा देश किंवा समाज बदलू शकतो’ याला हो म्हणणारी जपानी मुलं 18.3%, भारतीय 83.4%. देशाचं भविष्य चांगलं होईल म्हणणारी जपानी मुलं 9.6%. हा सर्व्हे ऑनलाइन झालेला, तेव्हा भारतातली कुठली हजार मुलं त्यात आली असतील याचा अंदाज करा, गडचिरोलीतली फार नसतील. तरी 18 चा आकडा मला टोचतो. माझ्या शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी इतकी हुशार आहे, आणि मतदानाचा विषय काढला की म्हणते, ‘माझ्या एका मताने काय होणार?’

नवीन येणाऱ्यांनी सुरुवात सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी टेबलांपासून करा, साहेबाचा प्रश्न आधी, मग पुढच्या जन्माचा, आणि तिथे वयोगटाची फोड नक्की उघडा. एनएचके जपानी थोडं यायला लागलं की. कॅबिनेट ऑफिसचं काहीही वाचायचं असेल तर आधी प्रश्नपत्रिका आणि सर्व्हे कसा केला ते पान, टक्के नंतर.