जुन्या ऑक्टाव्हिया आरएसला बिलस्टीन बी८ आणि आयबाख स्प्रिंग, जळगावच्या रस्त्यांवर

सरळ सांगतो भो, खान्देशात राहून गाडी खाली बसवायची, म्हणजे तिची उंची कमी करायची हौस असेल तर पैसे आधी शॉकअपवर घाला, स्प्रिंग नंतर. माझ्याकडे पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो पेट्रोल, आणि एवढ्या जुन्या गाडीत ओरिजिनल शॉकअप म्हणजे नुसती नावाला नळी उरते. बाहेरून तेल ओघळून त्यावर चिकट धूळ बसलेली, मागच्या टायरवरून हात फिरवला की उंचसखल लागायचं, आणि भुसावळ रोडला जरा स्पीड धरला की मागची बाजू एकदा उसळली की डुलतच राहायची.

हे डुलणं आपल्याकडेच एवढं का जाणवतं, तर काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत आकसते, वरचं डांबर कितीही गुळगुळीत असू द्या खालचा भराव हलतो आणि रस्त्याला लाटा येतात. खड्डा निदान दिसतो तरी, लाट दिसतच नाही. लाटेवर स्प्रिंग दाबली जाते ते ठीक, पण परत उसळताना तिला धरून ठेवायचं काम शॉकअपचं, त्यालाच रिबाउंड म्हणतात. आता लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवणारी आखूड स्प्रिंग, ओरिजिनलपेक्षा कडक असते म्हणजे उसळी पण जोरात, आणि तिच्याखाली थकलेला शॉकअप ठेवला तर गाडी आधीपेक्षा बेकार चालणार. शिवाय स्प्रिंग आखूड झाली की जुना शॉकअप कायम अर्धा दाबलेलाच राहतो, खाली जायला जागा कमी, सारखा बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटी धक्का अडवणाऱ्या रबरावर आदळतो आणि उरलासुरला पण संपतो.

ही गाडी गोल्फ फोरच्याच प्लॅटफॉर्मची, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा), म्हणून बाहेरच्या कंपन्यांचा माल भरपूर मिळतो, आणि तिथेच डोकं गरगरायला लागतं. बिलस्टीन ही शॉकअपवाली कंपनी, तिचं गणित असं की बी४ म्हणजे ओरिजिनलच्या जागी ओरिजिनलसारखा, बी६ कडक पण लांबी ओरिजिनलचीच, बी८ तसाच कडक पण लोअरिंग स्प्रिंगसाठी आखूड केलेला. बी१२ नावाने जे किट येतं ते दुसरंतिसरं काही नाही, बी८ शॉकअप आणि आयबाख कंपनीच्या लोअरिंग स्प्रिंग एका खोक्यात. कोनी कंपनीचा पिवळा शॉकअप पण डोक्यात होता, त्याचा रिबाउंड आपल्याला कमी जास्त करता येतो हे फार मोठं सुख आहे, पण काही मॉडेलला मागचा शॉकअप सेट करायला काढूनच घ्यावा लागतो आणि ते काम गल्लीतल्या गॅरेजमध्ये सारखं सारखं कोण करणार. कॉइलओव्हरचा, म्हणजे आट्या फिरवून उंची कमी जास्त करता येते त्या सेटचा, विचारच केला नाही, आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल त्या आट्यांमध्ये बसला की गेलं ते सगळं.

शेवटी बी८ आणि आयबाखचं प्रो-किट. आयबाखचंच स्पोर्टलाइन त्यापेक्षा खाली बसतं, दिसायला एक नंबर, पण आपले ब्रेकर बघा की. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) नियमात गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितलाय, म्हणजे लांबट पसरट, गाडी आरामात वर चढून उतरते. आपल्याकडे गावागावात दोन घमेली डांबर ओतून जे उंचवटे केलेत त्यांची रुंदी हातभर, पुढचं चाक उतरलं की इंजिनखालचं ऑइलचं चेंबर थेट त्याच्या डोक्यावर. म्हणून जेवढं कमी खाली तेवढं बरं.

मागवताना एक बघा, डिक्कीत स्टेपनीच्या खड्ड्यात कंपनीचं स्टिकर असतं, त्यावरचे पीआर कोड, म्हणजे तुमच्या गाडीत कंपनीने काय बसवलंय त्याचे कोड. पुढच्या एक्सलच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग बदलते, डिझेलचं इंजिन जड म्हणून त्याची वेगळी. आणि कॅटलॉगमध्ये किती मिलिमीटर खाली लिहिलंय त्यावर जाऊ नका, तो आकडा नॉर्मल मॉडेलपासूनचा असतो, ज्याच्या गाडीत कंपनीचंच स्पोर्ट सस्पेन्शन आहे किंवा जुन्या स्प्रिंग आधीच बसल्यात त्याला फरक कमी दिसणार. मी आधी टेप लावून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारी बाजू मोजून ठेवल्या होत्या. डाव्या उजव्यात आधीच फरक निघाला.

फिटिंग. पुढचा स्ट्रट हबच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाच्या खाचेत घट्ट बसलेला असतो, ती खाच उघडायला वेगळा स्प्रेडर येतो, चौकोनी तोंडाचा, खाचेत घालून पाव फेरा फिरवला की स्ट्रट सुटतो. एका ठिकाणी हातोडा आणि छिन्नी बाहेर निघाली, तिथून गाडी उचलून दुसरीकडे नेली. दुसरा मेकॅनिक शांत माणूस, बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी हवेत असताना नुसते हाताने लावले आणि फायनल टाइट गाडी चाकांवर उतरवून केले, हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. खाली उतरवल्यावर त्याचा पोरगा म्हणे, "भाऊ, आते गाडी भुईले टेकी जाई." नाही टेकली. नंतर अलाइनमेंट कराच, उंची बदलली की टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कल बदलतो. हेडलाइटचा झोत पण बघून घ्या.

चालायला कशी? गल्लीत हळू चालवताना कडक आहे, लपवत नाही, असल्या मोनोट्यूब (एकाच नळीच्या) शॉकअपमध्ये गॅसचं प्रेशर जास्त असतं त्यामुळे बारीक खडे, गटाराच्या चेंबरची झाकणं सगळं कळतं, आईला आवडलेली नाही. पण स्पीड वाढला की चित्रच पालटतं. लाट आली, गाडी वर गेली, खाली आली, संपलं, दुसरा झोका नाही. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना वळणात आधी स्टिअरिंग फिरवून गाडी कलायची वाट बघावी लागायची, आता फिरवलं की वळते. उन्हाळ्यात पण फरक जाणवला नाही, आणि आपला मे महिना कसा असतो ते सांगायला नको.

लोडचं सांगतो. भरीत पार्टीला चौघं जण आणि डिक्कीत बामणोदच्या वांग्यांचं पोतं घेऊन निघालो तर मागची बाजू बसते, मोठ्या ब्रेकरवर तिरपी घ्यावी लागते. रोज पाच माणसं नेणाऱ्याने सरळ बी४ किंवा बी६ घेऊन ओरिजिनल स्प्रिंग ठेवावी, खाली बसवायच्या भानगडीत पडू नये. स्प्रिंग कापून देणारे पण भेटतात, ओळखीच्या एकाने त्याच्या सेडिया गाडीला केलंय, कापलेलं टोक गादीवर नीट बसत नाही, प्रत्येक खड्ड्यात टणटण वाजतं. ते करूच नका.

आरटीओचं पण डोक्यात ठेवा, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाही असं सांगितलंय. जुन्या शॉकअपच्या जागी तसाच नवीन टाकणं वेगळं, उंची बदलणं वेगळं. ओरिजिनल स्प्रिंग भंगारात देऊ नका.

आणि टॉप माउंट (स्ट्रटच्या डोक्यावरची रबरी बैठक), बेअरिंग, बंपस्टॉप, धुळीचं रबर हे सगळं वेगळं मागवा, त्याच वेळी बदला, कारण एकदा उघडलेला स्ट्रट पुन्हा उघडायचा म्हणजे मजुरी परत, अलाइनमेंट परत.