यकृताच्या फायब्रोसिससाठी जिवंत मूळपेशी की त्यांचे एक्सोझोम?

यकृताच्या फायब्रोसिसवर, म्हणजे यकृतात व्रणासारखे तंतू साचण्यावर, मेसेंकायमल मूळपेशी (अस्थिमज्जा, चरबी अशा ऊतींतून मिळणाऱ्या) जिवंत द्यायच्या, की त्यांनी कल्चरच्या माध्यमात, म्हणजे त्या वाढवायच्या पोषक द्रवात, सोडलेले एक्सोझोम (सूक्ष्म पुटिका) गोळा करून द्यायचे? शिरेतून दिलेल्या या पेशींमधून नवं यकृत उगवत नाही. गुण येतो तो मुख्यतः त्यांच्या स्रावाने. मग पेशी हव्यातच कशाला, हा एक्सोझोमवाल्यांचा प्रश्न रास्त आहे.

यकृतापर्यंत पोचण्यात एक्सोझोम सरस. कल्चरमधली पेशी साधारण १५ ते ३० मायक्रॉनची, फुप्फुसातल्या केशवाहिन्या त्याहून अरुंद. बराचसा डोस तिथेच अडकतो आणि फार टिकत नाही. ३० ते १५० नॅनोमीटरचे एक्सोझोम मात्र यकृत आणि प्लीहेत आपसूक जमतात. साठवायलाही उणे ८० अंशांचा फ्रीजर सहसा पुरतो. पेशींना द्रव नायट्रोजन लागतो, त्या ३७ अंशांवर झटपट वितळवाव्या लागतात, आणि वितळल्यावर डीएमएसओत (गोठवताना पेशी वाचवणाऱ्या रसायनात) ताटकळल्या तर मरू लागतात.

तरीही पारडं माझ्या मते पेशींकडे झुकतं, आणि त्याचं कारण रटाळ आहे: मोजणी. पेशी ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींनाच चढणारा रंग) घालून मोजता येतात. निदान ७० टक्के जिवंत असल्या की किलोमागे दहा लाख असा डोस लिहिता येतो आणि दुसऱ्या प्रयोगशाळेलाही तो कळतो. एक्सोझोमचं काय? कणांची हालचाल टिपून मोजणारं यंत्र प्रथिनांचे गठ्ठे, लायपोप्रोटीन, एवढंच काय, माध्यमात घातलेल्या सीरममधून (रक्तद्रवातून) आलेले गायीचे कणही खुशाल मोजतं. सीरम रात्रभर १,००,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने) फिरवलं तरी ते पुरते जात नाहीत. म्हणून पेशी न घातलेलं माध्यम सगळ्या टप्प्यांतून नेऊन त्यातले कण वजा करावे लागतात. शिवाय नमुन्याचा एक भाग ट्रायटन या डिटर्जंटने विरघळवून पाहायचा: पुटिका फुटतात, प्रथिनांचे गठ्ठे बहुधा तसेच राहतात. सीडी९, सीडी६३, सीडी८१ ही एक्सोझोमवरची ओळखीची प्रथिनं तपासायची ती वेगळीच. एवढ्यानंतरही तुमचे अब्ज कण आणि शेजारच्यांचे अब्ज कण एकच, असं म्हणता येत नाही. डोस वाढवूनही कोलॅजन (फायब्रोसिसमध्ये साचणारं तंतुमय प्रथिन) घटलं नाही, तर दोष औषधाचा की मोजणीचा, हे कसं ठरवणार?

यकृताबाहेर, आतड्याच्या बाबतीत, अनुभवाची शिदोरी पेशींकडेच आहे. क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारातल्या गुदभगंदरासाठी (गुदद्वाराजवळ पडणाऱ्या असामान्य मार्गासाठी) डार्वाडस्ट्रोसेल या मेसेंकायमल पेशींच्या औषधाला युरोपात २०१८ मध्ये मान्यता मिळाली: १२ कोटी पेशी, मार्ग खरवडून आतलं तोंड शिवायचं, निम्म्या त्या तोंडाभोवती आणि निम्म्या मार्गाच्या भिंतींत टोचायच्या. पुढची मोठी चाचणी फसली आणि २०२४ च्या अखेरीस ते तिथल्या बाजारातून मागे घेतलं गेलं. पण फसलं हे नेमकं कळलं, तेही डोस ठाऊक होता म्हणून.

यकृताच्या फायब्रोसिससाठी अमेरिका किंवा युरोपात यांपैकी कशालाच मान्यता नाही. त्यामुळे चाचणीबाहेर पैसे मोजून दोन्हींपैकी काहीही घेऊ नये. एक्सोझोमच निवडणार असाल, तर निदान पेशीविरहित माध्यमाचे आकडे आधी मागून घ्या.