एमजीबीचे 'न वापरलेले' टायर आणि माझे 1,375 पाउंड

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण जुन्या गाडीला टायर घ्यायच्या आधी हे वाचा.

माझी 1968ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, तारेच्या चाकांची. इथे इंग्लंडात राहून सात वर्षं पै पै साठवून घेतलेली. यंदा पहिल्यांदाच जजिंगला लावणार होतो, म्हणजे जुन्या गाड्यांच्या शोमध्ये गाडी किती मूळची आहे यावर गुण देतात त्याला. जज लोक खाली वाकून आधी टायरच बघतात. या गाडीला तेव्हा 5.60-14 चे क्रॉसप्लाय (जुन्या बांधणीचे टायर) यायचे, रेडियल (आजच्यासारख्या बांधणीचे) हवे तर जास्तीचे पैसे मोजून 155-14. आजचा रुंद टायर लावलात की गुण गेलेच.

तर एक जाहिरात दिसली. डनलप एसपी 41, त्या काळचे रेडियल, 1968चे, एकदाही न चढवलेले, तळघरात अंधारात ठेवलेले, स्पेअरसकट पाच. एकाचे 240, पाचाचे 1,200, कुरियर 65, आणि तारेच्या चाकांना ट्यूब लागतेच म्हणून ट्यूब आणि फिटिंग मिळून 110. झाले 1,375. माणूस गोड बोलायचा, स्वतःची एमजी दाखवायचा, म्हणाला साइट कमिशन कापते, सरळ बँकेत टाक. टाकले!

आता खरी जळजळ. टायर आले तेव्हा आतल्या बाजूला टायर बनल्याच्या आठवड्याचा आणि सालाचा कोड सापडला, 418 आणि शेजारी छोटासा त्रिकोण. मी खूश. तीन आकडी म्हणजे 2000 च्या आधीचा, एवढं ज्ञान मला होतं ना! 41वा आठवडा, 68 साल, वा. अर्धवट ज्ञानाने माणूस जास्त मरतो. तीन आकडी कोडमध्ये सालाचा फक्त शेवटचा आकडा असतो, दशक कळत नाही, आणि तो त्रिकोण नव्वदच्या दशकाची खूण. म्हणजे 1998. आणि 68 साली असा तारखेचा कोड मारतच नव्हते, अमेरिकेत तो 1971ला सक्तीचा झाला. शेजारचा एक पट्टा घासून गुळगुळीत केलेला होता तोही मला दिसला होता, हातही फिरवला, आणि मनात म्हटलं तळघरात घासला असेल. कशावर घासणार, बटाट्यांवर?

जजिंगच्या दिवशी पांढऱ्या कोटातल्या म्हाताऱ्याने टॉर्च मारला, 'एसपी'मधल्या 'पी'खाली नख घातलं आणि अक्षर उचलून माझ्या हातात ठेवलं. चिकटवलेलं होतं. एक शब्द बोलला नाही. बायको आणि मुलगी शेजारीच उभ्या. वर ट्रेलर नाही म्हणून चाळीस मैल याच टायरवर मुलीला घेऊन आलो होतो, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. कुणी म्हणेल 68चे खरे असते तरी काय, पन्नास वर्षांवरचं रबर ते. बरोबर आहे, पण मी फक्त शोपुरते घेतले होते, आणि एवढ्या सफाईने अक्षरं चिकटवली असतील हे कुणाच्या डोक्यात येतं?

पुढचं ऐका. पोलिसांचा ऑनलाईन फॉर्म भरला, एक नंबर मिळाला, पाच आठवड्यांनी दोन ओळींचं मेल, तपासाला दिशा नाही म्हणे. दिशा कसली, त्याचा खाते नंबर दिलाय की तुम्हाला! बँकेला म्हटलं 7 ऑक्टोबर 2024 पासून फसवून ट्रान्सफर करायला लावलेले पैसे परत द्यायचा नियम आहे ना, 85,000 पाउंडांपर्यंत? तर म्हणे माल तुम्हाला मिळालाय, हा तुमचा दोघांचा खासगी वाद. कौन्सिलचे, दुकानांच्या तक्रारी बघणारे, म्हणाले तो दुकानदार नाही, आमच्याकडे येत नाही. कोर्टात जा म्हणे, फी 80 पाउंड, आणि पत्ता कुठून आणू, पार्सलवर कुरियरच्या डेपोचा होता. चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी, म्हणजे इथली गाडीची वार्षिक तपासणी, माफ, म्हणजे वर्षातून एकदा तरी कुणी टायर बघेल तेही नाही. लॉरीच्या पुढच्या चाकाला दहा वर्षांवरचा टायर 2021 पासून बंद, आमच्या गाडीला मात्र सगळं चालतं.

दोन्ही बाजूंचे फोटो मागा, फक्त बाहेरच्या नाही. गोलातलं 'ई' (युरोपातल्या मंजुरीची खूण) दिसलं तर 68चा नाही, ती खूण 1970च्या दशकातली. साइजच्या पुढे 80 टी असं काही (वजन आणि वेगाची मर्यादा) असेल तर तेही नंतरचं, तेव्हा 155 एसआर 14 असं लिहायचे. अक्षरांना नख लावून बघा, लाजू नका. आणि "साइट कमिशन कापते" ऐकलं की फोन ठेवा.

आता त्याच जुन्या साच्याचे नव्याने बनवलेले चार टायर दुकानातून घेतलेत, क्रेडिट कार्डवर, कारण 100 पाउंडांच्या वरच्या खरेदीला कार्ड कंपनीही जबाबदार असते. पाचव्याला पैसे उरले नाहीत. डिकीत स्पेअर म्हणून अजून त्यातलाच एक आहे, 'पी' पडलेला.